खुलासा : पावलाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका

रावेर-यावलकडच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : नडगीला मार लागला तर पाय घट्ट आवळून बांधा, पावलाची नाडी लागतेय तोवर धोका नाही. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच, पण दोन्ही गोष्टी चूक.

एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षी शिकवतात : गुडघ्याखाली स्नायूंचे 4 कप्पे असतात आणि त्यांचं आवरण फारसं ताणत नाही. आत रक्त, सूज साचली की दाब वाढतो. बारीक रक्तवाहिन्या आधी दबतात. मोठ्या धमनीची नाडी बराच वेळ लागत राहते, म्हणूनच ती फसवते. खरी खूण म्हणजे दुखापतीच्या मानाने असह्य दुखणं, बोटं ताणली की जीवघेणी कळ.

अशा वेळी पट्टी सैल करा, पाय छातीच्या पातळीवर ठेवा, थेट जळगाव-धुळ्याला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. साधारण 6 तासांत स्नायू कायमचे निकामी होऊ शकतात. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.