‘रिपोर्ट निगेटिव्ह, मग आमवात कसा?’ : लॅबकडून उत्तर

नमस्कार. आपली तक्रार अशी, की आईंचा आरए फॅक्टर (आमवातात बहुतेकदा रक्तात सापडणारी एक अँटिबॉडी) आम्ही निगेटिव्ह दिला, आठवड्याभरात संधिवाततज्ज्ञांनी आमवाताचं निदान करून गोळ्या सुरू केल्या, म्हणजे आमचा रिपोर्ट खोटा. आईंच्या रिपोर्टमधलं काही मी इथे उघड करणार नाही. आपण स्वतः जे लिहिलंत, तेवढ्यावरच बोलतो.

रिपोर्ट निगेटिव्ह आणि आमवात नक्की, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आमवाताच्या साधारण चार-पाच रुग्णांमागे एकाच्या रक्तात आरए फॅक्टरही सापडत नाही आणि अँटी-सीसीपी ही आमवाताची दुसरी अँटिबॉडीही. उलट हिपॅटायटिस सी, क्षयरोग किंवा नुसतं उतारवय असलं तरी आरए फॅक्टर पॉझिटिव्ह येऊ शकतो.

आपण लिहिलंय, दोन महिने दोन्ही मनगटं आणि जवळजवळ सगळी बोटं सुजलेली आहेत. आता २०१० चे आंतरराष्ट्रीय निकष लावून बघा. दहापेक्षा जास्त सांधे, त्यात लहान सांधे, याचे ५ गुण. त्रास सहा आठवडे किंवा अधिक, याचा १. झाले ६. सुजेचं दुसरं कारण नसेल, तर १० पैकी ६ ला आमवात धरतात. रक्ताचा एकही गुण न मिळवता! डॉक्टरांनी आधी हात दाबून पाहिले ते उगाच नव्हे.

‘काउंटरवर कोणी काही समजावलं नाही,’ हे खरं आहे आणि ते तसंच राहील. रिपोर्टचा अर्थ रुग्णाला तपासलेल्या डॉक्टरांनीच सांगावा. अँटी-सीसीपी आम्ही परस्पर सुचवली नाही, तीही याच कारणाने. ती तपासणी आरए फॅक्टरपेक्षा नेमकी आहे, पॉझिटिव्ह आली तर आमवाताची शक्यता बरीच वाढते. पण कधी करायची ते डॉक्टर ठरवतील.

जाता जाता एक. पुष्कळ जण ‘औषध लागू पडतंय का’ बघायला दर महिन्याला आरए फॅक्टर करून घेतात. त्याचा फारसा उपयोग नाही. त्यासाठी ईएसआर, सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या आणि सांध्यांची तपासणी.

डॉक्टरांनी अँटी-सीसीपी लिहून दिली, तर उपाशीपोटी यायची गरज नाही. आई केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असतील तर मात्र सॅम्पल देण्याआधी सांगा. काही मशिनवर त्याने आकडा चुकू शकतो.

– लॅबचालक