पन्हाळा रिकामा करायचा आणि दाखला इटलीचा द्यायचा

माझ्या चुलतभावाला पन्हाळगडावर माणसं नको आहेत. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घातले, त्यात पन्हाळाही आला, आणि तेव्हापासून बाणेरच्या अकराव्या मजल्यावरून दादा आमच्या घरच्या ग्रुपवर गड मोकळा करायला निघालाय. घरं उठवा, हॉटेलं पाडा, कणसं भाजणाऱ्या गाड्या खाली गडाच्या पायथ्याच्या बुधवार पेठेत न्या. गडावर फक्त तटबंदी, बुरूज आणि गवत. आमची सख्खी आत्या लग्न होऊन गेली ती गडावरच राहते, हे त्याला कुणी आठवण करून दिलं तर म्हणतो, ‘‘आत्याला कोल्हापुरात फ्लॅट देतील की.’’

हेही मी सोडून दिलं असतं. पण त्याने पुरावा म्हणून इटलीतल्या डोल्चेआक्वा गावच्या पुलाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘‘बघा, इटलीत कसं जपतात.’’ तो फोटो मीच काढलाय. दादा-वहिनी आमच्याकडे तोरिनोला, म्हणजे ट्युरिनला, आले होते तेव्हा आम्हीच त्यांना तिकडे, फ्रान्सच्या सीमेजवळच्या इम्पेरिया प्रांतात घेऊन गेलो होतो. शनिवारी सकाळी सगळं तोरिनो समुद्राकडे निघतं, तसे आम्हीही सावोनाच्या हायवेला लागलो. दादा घाटभर झोपला आणि समुद्र दिसल्यावर उठला. म्हणजे साक्षीदार मी, आणि निकाल हा देणार.

तर ऐका. डोल्चेआक्वा हे नेर्व्हिया नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं गाव. एका बाजूला तेर्रा, दुसऱ्या बाजूला बोर्गो, मध्ये तेहतीस मीटरची एकच कमान असलेला तो दगडी पूल. फ्रेंच चित्रकार मोने १८८४ साली इथे आला आणि त्याने हा पूल रंगवला, त्यामुळे आता प्रत्येकजण त्याच जागी उभा राहून तोच फोटो काढतो. दादानेही काढून घेतला. पण तेर्राच्या बोळांतून वर दोरिया घराण्याच्या पडक्या किल्ल्याकडे जाताना वाळत घातलेल्या चादरींतून आपण वाकून गेलो, हे त्याला आठवत नाही. दारात वाटाणे सोलत बसलेल्या म्हाताऱ्यांना त्यानेच हात जोडून नमस्कार केला होता, तोही विसरला. खालच्या तळघरांत रोस्सेसे वाइन विकतात ती गावच्याच डोंगरउतारावरची. किल्ल्याच्या पायथ्याला गाव नांदतं आहे, म्हणून तर तिथे जावंसं वाटतं. तिथल्या लोकांना खाली समुद्राकाठच्या इमारतींत हलवलं असतं तर दादाच्या फोटोत पूल आला असता आणि मागे नुसती भोकं असलेल्या भिंती.

नियम तिथेही कडक आहेत, आणि ते मी दादापेक्षा जास्त ऐकलेत, कारण माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाचं घर त्याच डोंगरात आहे. खिडकीच्या झडपांचा रंग बदलायचा तरी तो तोंड वाकडं करून सोप्रिंतेन्देंझाचं, म्हणजे वारसा सांभाळणाऱ्या सरकारी कचेरीचं नाव घेतो. नोंदलेली वास्तू विकली तर सरकारला कळवावं लागतं, आणि त्याच किमतीला ती स्वतः घ्यायला सरकारकडे साठ दिवस असतात. पण हे सगळे नियम घरात माणूस आहे असं धरून केलेले आहेत. नळ बदलणार, छप्पर गळणार, पोरांना वेगळी खोली लागणार. कसं करायचं ते सांगतात, अडवतात, वर्ष वर्ष रखडवतात, पण तुम्ही इथे का राहता असं विचारत नाहीत. आपल्याकडे २०१० च्या कायदादुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगीशिवाय नाही. सपाट माळावर एखादं देऊळ असेल तर ठीक आहे. पन्हाळ्यासारख्या, पोटात अख्खं गाव असलेल्या गडावर शंभर मीटर कुठून मोजायचे? तिथे नगरपरिषद आहे, तीन हजारांच्या आसपास वस्ती आहे. यादीत नाव जाण्याआधी या लोकांनी विरोध केला तो हौसेने नव्हे. घर दुरुस्त करता येणार नाही आणि एक दिवस उठवतील, ही भीती होती. कुणाला उठवणार नाही असं प्रशासनाने सांगितलंय. दादाला त्याचंच वाईट वाटतंय.

मग मी त्याला बुस्साना वेक्कियाबद्दल लिहिलं. सान्रेमोच्या मागच्या टेकडीवरचं हे गाव त्याला सगळ्यात जास्त आवडलं होतं. चर्चला छप्पर नाही, आत झुडपं वाढलेली, शेजारच्या पडक्या घरांत मातीकाम आणि चित्रांची दुकानं. वहिनीने तिथून निळी बशी घेतली. २३ फेब्रुवारी १८८७ ला, ॲश वेन्स्डेच्या, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी सकाळी, लोक चर्चमध्ये असताना भूकंप झाला आणि वरची कमान खाली आली. पुढे सरकारने गाव राहण्याच्या लायकीचं नाही असं ठरवलं आणि माणसं खाली नव्या बुस्सानात गेली. म्हणजे दादाला हवं होतं ते इथे झालं. गाव रिकामं, वारसा सुरक्षित! दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण इटलीतून पोटासाठी आलेली गरीब कुटुंबं त्या पडक्या घरांत शिरली, तर पोलिसांनी त्यांना हुसकून लावलं आणि परत कुणी राहू नये म्हणून जिने आणि छपरं पाडली. भूकंपाने जे उभं ठेवलं होतं त्यातलं थोडं सरकारने पाडलं. पन्नासच्या दशकाच्या शेवटाला आमच्या तोरिनोचाच एक मातीकाम करणारा कलावंत, क्लिझिया, तिथे आला. मागोमाग आणखी लोक आले, त्यांनी दगड उचलले, छपरं घातली. १९६८ साली त्यांना काढायला पोलिस आले तेव्हा वाटेत अडथळे रचून हे लोक उभे राहिले, आणि पोलिस परत गेले. घरं कुणाची, हा सरकारशी त्यांचा वाद त्यानंतरही दशकानुदशकं चालला. ज्यांना कागदोपत्री अतिक्रमण करणारे म्हणतात त्यांनी वाचवलेल्या गावातून माझी वहिनी बशी घेऊन आली, आणि ती बशी बाणेरच्या हॉलमध्ये आहे.

यावर दादाने लिहिलं, ‘‘तो अपवाद.’’

बरं, अपवाद. मग त्याच प्रांतातलं त्रिओरा घ्या. आर्जेन्तिना नदीचं खोरं चढत गेलं की आठशे मीटरच्या आसपास हे गाव. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दगडी ताली, म्हणजे उतारावरची शेतं धरून ठेवणाऱ्या भिंती, वर ऑलिव्ह, आणखी वर चेस्टनट. अशा बिनचुन्याच्या दगडी ताली रचण्याची कला २०१८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. पण यादीत नाव आलं म्हणून पावसात सुटलेला दगड उचलायला कुणी युनेस्कोचा माणूस येत नाही. शेत करणारा उरला नाही की ताल पोट काढते आणि बसते. बऱ्याच बसल्यात. त्रिओरा कधीकाळी जेनोव्हाच्या राज्यातलं नावाजलेलं, तटबंदीचं गाव होतं, आता काहीशे माणसं आहेत. १५८७ मध्ये दुष्काळ पडला, तेव्हा गावातल्या बायकांना चेटकिणी ठरवून त्यांचे हाल केले. आज त्याच चेटकिणींच्या बाहुल्या, झाडू आणि फ्रीजवर लावायची चुंबकं विकून गाव चालतं. मला ते पाहून कसंतरी झालं. पुसाटीच्या बुरुजाखाली सिद्दी जौहरच्या बाहुल्या विकल्या असत्या तर दादाने पन्हाळ्यावर मोर्चा नेला असता, पण त्रिओरात त्याने पुतण्यासाठी झाडूवाली बाई घेतली. बाहेरच्या देशातला बाजार आपल्याला लोककला वाटतो.

आता पन्हाळा फार सुंदर ठेवलाय असं मी म्हणणार नाही. पत्र्याची हॉटेलं आहेत, रविवारी तीन दरवाजापाशी गाड्यांचे हॉर्न, सज्जा कोठीच्या मागे प्लास्टिक. हे मला दिसतं, आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं इकडे राहिल्यावर जास्तच दिसतं. मागच्या वेळी गेले तेव्हा रस्त्यावरचे कागद उचलायला लागले तर आत्या म्हणाली, ‘‘राहू दे गं, पाव्हणी आहेस.’’ पण तो कचरा करतं कोण? कोल्हापूर-पुण्याहून आलेले पाहुणे, गडावरची आत्या नव्हे. ती अजून अंधारबावीच्या बाजूने चालायला जाते, कुठल्या पायरीवर शेवाळ असतं ते तिला माहीत आहे. भोज राजाच्या काळापासून तिथे माणूस राहतोय. कवी मोरोपंत १७२९ साली जन्मले ते पन्हाळ्यावर, ते काय तटबंदीला टेकून?

दादाचा शेवटचा बाण मात्र लागला. ‘‘तू तिकडे बसून बोलतेस, इथे राहायला ये मग.’’ यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. गाव सोडलेला माणूस गावाबद्दल फार ठाम बोलतो, हे मी त्या डोंगरात पाहिलंय. त्रिओराच्या बारमध्ये ऑगस्टात सगळ्यात मोठ्याने बोलतात ते मिलान-तोरिनोला स्थायिक झालेले. बारा महिने राहणारी बाई मागे गप्प कप धुते. दादा तसा आहे आणि मीही तशीच. फरक एवढाच की त्याला गड रिकामा हवा आणि मला भरलेला हवा, राहणार दोघंही नाही.

आणि इकडे तरी मी कुठली? डोल्चेआक्वाजवळच्या आप्रिकालेच्या चौकात, घंटाघरावर लटकवलेली ती सायकल पाहत कॉफी घेताना माझ्या इटालियनचं कौतुक होतं. त्याच संध्याकाळी सीमेवरच्या व्हेंतिमिल्याहून फ्रान्समधल्या मेन्टनच्या गाडीत बसलं की मी पर्समधून राहण्याच्या परवान्याचं कार्ड आधीच काढून हातात धरते. २०१५ पासून तिथे फ्रेंच पोलिस डब्यातून फिरतात आणि चेहरे पाहत येतात. समोरची जर्मन जोडी खिडकीतून समुद्र बघत असते.

सध्या घरात नवा विषय आहे. इम्पेरियाच्या त्या डोंगरातली घरं तोरिनोच्या मानाने स्वस्त आहेत, आणि नवरा म्हणतो, दोन खोल्यांचं एखादं घेऊन टाकू, पोरांना समुद्रही जवळ. छपराचा खर्च, सोप्रिंतेन्देंझाचे कागद, सगळं त्याने वहीत मांडलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. घेतलं तर त्या गल्लीतली आणखी एक खिडकी वर्षाचे अकरा महिने बंद राहणार, आणि बाराव्या महिन्यात जी सुट्टी मिळते ती आजवर पन्हाळ्याला जायची होती.