हजार अंशांवरचा दाब आणि बिनतारी सेन्सर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. भट्टी किंवा टर्बाइनसारख्या हजार अंशांच्या जागी बिनतारी सेन्सरने दाब मोजावा, या माझ्या म्हणण्यावरची तुमची प्रतिक्रिया मनापासून आणि अभ्यासून लिहिली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलच्या तारा हजार अंश सेल्सिअसला टिकतात, मग दाबासाठीच बिनतारी सेन्सर कशाला? नळी बाहेर काढून थंड टोकाला साधा सेन्सर लावला की काम भागतं. शिवाय हा सेन्सर दाब दाखवतो की तापमान, हेच कळत नाही. आणि यातलं काही प्रयोगशाळेबाहेर आलेलं नाही.

थर्मोकपल म्हणजे दोन धातूंचा जोड, त्यात इलेक्ट्रॉनिक्स नसतंच. दाबाच्या सेन्सरमध्ये कपॅसिटर असतो. दाबामुळे त्याच्या धारितेत, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेत, होणारा बदल मात्र इतका बारीक असतो की लांब तारेच्या स्वतःच्या धारितेत तो हरवतो. तो जवळच वाचावा, तर साधी सिलिकॉन चिप दोनशे अंशांच्या आसपासच हात टेकते, कारण तिच्यातला गळती प्रवाह तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. म्हणून गरम जागी फक्त कॉइल आणि कपॅसिटर ठेवायचे. कपॅसिटरची एक बाजू सिरॅमिकच्या पातळ पडद्याची. दाबाने पडदा आत वाकतो, धारिता वाढते, अनुनादाची वारंवारता, म्हणजे ज्या वारंवारतेला हे मंडल सगळ्यात जोरात प्रतिसाद देतं ती, उतरते आणि बाहेरची कॉइल ती वाचते. माझ्या लेखी खरं मोल सेन्सर पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी आणि चिपविना, असण्याला आहे, बिनतारीपणा त्याच्या मागून येतो.

नळीबद्दल अर्धं मान्य. दाब संथपणे बदलत असेल तर मीही नळीच लावेन. पण एक मीटर लांबीची, एका टोकाला बंद नळी खोलीच्या तापमानाला ८५ हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमू लागते, आणि ज्वलनातली दाबाची स्पंदनं बरेचदा शेकडो हर्ट्झची असतात. यावर उपाय आहेत. टर्बाइनच्या फिरत्या पात्यावर मात्र नळी बाहेर काढायची कुठून?

तापमानाचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. पडद्यामागच्या पोकळीत २७ अंशांना एक वातावरण दाबाची हवा बंद केली, तर ९२७ अंशांना तीच हवा चार वातावरणांचा दाब देते, कारण निरपेक्ष तापमान ३०० वरून १२०० केल्विनवर जातं. म्हणून पोकळी निर्वात हवी. तरी ॲल्युमिना या सिरॅमिकचा परावैद्युत स्थिरांक (ज्यावर धारिता अवलंबून असते) तापमानाबरोबर वाढतोच आणि पडदाही थोडा नरम पडतो. यासाठी शेजारी पोकळी नसलेलं दुसरं अनुनादी मंडल ठेवतात. त्याला दाबाचं सोयरसुतक नसतं, ते तापमान सांगतं. दोन्ही मंडलांच्या वारंवारता पुरेशा लांब ठेवाव्या लागतात, नाहीतर त्यांच्या प्रतिसादाची शिखरं एकमेकांत मिसळतात.

त्याहून अवघड अडचण तुमच्या प्रतिक्रियेत आलीच नाही. कॉइल एक मायक्रोहेन्रीची आणि कपॅसिटर दहा पिकोफॅराडचा धरा, अनुनाद सुमारे ५० मेगाहर्ट्झला येतो. दाबाने धारिता एक टक्का वाढली तर तो पाव मेगाहर्ट्झने सरकतो. थंड असताना क्यू, म्हणजे शिखर किती टोकदार आहे याचं माप, ५० असेल तर शिखराची रुंदी एक मेगाहर्ट्झ, म्हणजे सरकणं दिसतं. पण कॉइल प्लॅटिनमची असेल तर तिचा रोध ८५० अंशांना शून्य अंशाच्या ३.९ पट होतो. पातळ थराच्या कॉइलमध्ये क्यू जवळपास तितकाच घटतो आणि शिखर चार मेगाहर्ट्झ पसरतं. त्या पसरट टेकडीवर पाव मेगाहर्ट्झ शोधायचा! चांदीने रोध कमी होतो, पण ती ९६१ अंशांना वितळते. त्यात दोन कॉइलमधलं अंतर वाढलं की जोडणी साधारण अंतराच्या घनाने ढासळते आणि जवळच्या धातूत उमटणारे भोवरी (गोल फिरणारे) विद्युतप्रवाह उरलासुरला सिग्नल खातात. म्हणून वाचणारी कॉइल काही सेंटिमीटरवरच हवी. भट्टीच्या पोलादी भिंतीपलीकडून वाचू, असा दावा मी करत नाही.

'प्रयोगशाळेबाहेर काही आलं नाही' हे मात्र मला पटत नाही. मार्क ॲलन आणि जेनिफर इंग्लिश यांनी जॉर्जिया टेकमध्ये सिरॅमिकचे बिनतारी दाब सेन्सर केले, तेव्हा डोळ्यांसमोर उष्ण यंत्रं होती. त्याच वाटेने पुढे ॲलन यांच्या सहभागातून 'कार्डिओमेम्स' आलं. फुप्फुसाच्या धमनीत बसवायच्या या बॅटरीविना सेन्सरला २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. शरीर ३७ अंशांचं, हे खरं. पण वाचण्याची पद्धत तीच.

हजार अंशांसाठी मला आता नवा विक्रमी आकडा नको आहे. एकच सेन्सर शेकडो तास तापवून, थंड करून, पुन्हा तापवून त्याचं शून्य, म्हणजे दाब नसतानाचं वाचन, किती सरकलं, ते दाखवणारे आलेख हवे आहेत. तुमच्या पाहण्यात असे असतील तर जरूर पाठवा.