केमिस्ट्रीनं तुयं का वाकडं केलं?

नागपुरात माणूस भाड्याचं घर बदलतो, पक्ष बदलतो, दर उन्हाळ्यात कूलरची खस बदलतो. कोणी काही म्हणत नाही. पण बी.एस्सी. झालेल्या पोराने ‘एम.ए. इतिहास करतो’ म्हणून बघावं. मामा तर्रीपोह्यांची प्लेट खाली ठेवतात. ‘‘काऊन बे, केमिस्ट्रीनं तुयं का वाकडं केलं?’’

मामा ही सगळ्यात सोपी पायरी. त्यांना उत्तर पुरतं, झेरॉक्स लागत नाही.

कॉलेजच्या खिडकीवर मात्र उत्तराला किंमत शून्य. तिथे पहिला शब्द ‘टीसी’, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला. टीसी हवी तर आधी नो ड्यूज, म्हणजे काही देणं बाकी नाही असा कागद. त्यावर लायब्ररी, वसतिगृह, जिमखाना आणि प्रयोगशाळा अशा सह्या लागतात, आणि गाडी हमखास प्रयोगशाळेत अडते. दुसऱ्या वर्षी फुटलेलं ब्युरेट (काचेची मोजनळी) ब्रेकेजच्या, म्हणजे फोडाफोडीच्या भरपाईच्या वहीत अजून जिवंत असतं. ज्या रसायनशास्त्राला सोडून निघालात, ते असं दाराशी पदर धरतं. म्हणून माझं म्हणणं, निकालाची वाट न बघता शेवटच्या प्रॅक्टिकलच्या दिवशीच ब्रेकेज भरून टाकावं.

मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं ते विद्यापीठ बदलताना. त्याच विद्यापीठात विषय बदलत असाल तर त्याची गरज नसते, तरी निम्मी मंडळी भीतीपोटी अर्ज करून बसतात. आणि टीसी हाती आली की आधी तिच्या चार प्रती काढा. नव्या कॉलेजात मूळ प्रत एकदा जमा झाली की ती परत येत नाही. हरवली तर दुसरी मिळते, पण तिच्यावर ‘डुप्लिकेट’ असा शिक्का असतो आणि मग प्रत्येक बाबू तुमच्याकडेही त्याच नजरेने बघतो.

पुढे नावाचा घोळ. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. माणूस एकच, पण संगणकाच्या हिशेबी दोन, आणि दोघांपैकी कोणालाच प्रवेश नाही. फॉर्म गुणपत्रिकेबरहुकूम भरावा, आधारबरहुकूम नव्हे.

मध्ये एखादं वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र. ‘या काळात अन्यत्र नियमित शिक्षण घेतले नाही’ हे एक वाक्य म्हणजे त्याचा जीव. गॅप मोजायची ती शेवटच्या परीक्षेपासून आजपर्यंत. पुष्कळ जण ती वर्षाच्या आकड्याने मोजतात, मधले दोन-तीन महिने सुटतात, आणि गॅपच्या शपथपत्रातच गॅप सापडते. मधल्या काळात कुठे एक सेमिस्टर करून सोडलं असेल तर हे वाक्य लिहूच नका, ते खोटं शपथपत्र होतं. निमूट त्या कॉलेजची टीसी आणा. म्हणजे पुन्हा नो ड्यूज.

कागद जमले की खरा प्रश्न येतो: ‘‘बी.ए.ला हिस्ट्री होतं का?’’ इतिहासकार म्हणून नावाजलेले दामोदर धर्मानंद कोसंबी मुळात गणिती होते. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. जुन्या आहत (ठसे मारलेल्या) नाण्यांची वजनं घेऊन, वापरात ती किती झिजली याचं संख्याशास्त्र मांडून त्यांनी इतिहास वाचला. आज ते नाण्यांची पिशवी घेऊन रांगेत उभे राहिले असते तर खिडकीतून एवढंच ऐकू आलं असतं, ‘‘पिशवी बाजूला ठेवा, मार्कलिस्ट दाखवा.’’

नियम म्हणाल तर तो तुमच्या बाजूने आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2025 च्या नियमांप्रमाणे पदवी कुठल्याही विषयाची असो, नव्या विषयाची राष्ट्रीय किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा पास व्हा, एम.ए.ला बसा. पण दिल्लीहून निघालेला नियम विद्या परिषदेत उतरतो, तिथून त्याचं ‘डायरेक्शन’, म्हणजे विद्यापीठाचा लेखी आदेश निघतो, आणि तो निघाला तरी ऑनलाइन फॉर्मच्या ड्रॉपडाउनमध्ये जुनीच पात्रता बसलेली असते. ड्रॉपडाउनशी वाद घालता येत नाही. डायरेक्शनची प्रत छापून, हव्या त्या ओळीवर पिवळा मार्कर मारून थेट विभागप्रमुखांना भेटावं. जेवणाच्या सुटीनंतर गेलेलं बरं, उपाशी माणूस पिवळी ओळ वाचत नाही.

शिष्यवृत्तीवाल्यांनी आणखी जपावं. बी.ए.नंतर बी.कॉम. किंवा एका विषयाच्या एम.ए.नंतर दुसऱ्या विषयाचं एम.ए. केलं, तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. पायरी तीच आणि विषय तेवढा नवा, असं चालत नाही. बी.एस्सी.नंतर थेट एम.ए.ला गेलात तर पायरी वरची असते, तिथे ही अट आड येत नाही. दोन एम.ए.च्या हौशेपायी वर्षाची फी अंगावर घेणारे दरसाल भेटतात.

मामांचा सल्ला शेवटपर्यंत एकच असतो. ‘‘एलएलबी करून टाक ना बाप्पा, त्याले कायचीबी डिग्री चालते.’’ आणि वैताग असा की मामा बरोबर असतात. तीन वर्षांच्या एलएलबीला पदवी कुठलीही चालते. खुल्या गटाला 45 टक्के आणि सीईटी, बस्स. सिव्हिल लाइन्समध्ये गॅपच्या शपथपत्रावर शिक्का मारणाऱ्या नोटरींना सहज विचारून बघा, पदवीला विषय कोणता होता. एखाद्या काळ्या कोटाखालून बॉटनी निघते.