‘फायरच्या पाट्या लालच हव्यात’ म्हणे!

कारखान्याच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड परत आलाय: ‘फायर सेफ्टीच्या सगळ्या पाट्या लालच हव्यात, रेडियमच्या घ्या, इंग्रजीत असल्या की चालतं, आणि जितक्या जास्त तितकं सेफ.’ चार वाक्यं, चारही गंडलेली.

आधी लाल रंगाचा मुद्दा. लाल चौकोन म्हणजे आग विझवायचं सिलिंडर, होज रील (गुंडाळलेला पाण्याचा पाइप), अलार्मचं बटण इथं आहे. लाल गोल आणि तिरकी रेघ म्हणजे हे करू नका. बाहेर पडायचा रस्ता मात्र हिरवा, त्यावर पळणारा पांढरा माणूस. अमेरिकेत लाल एक्झिट सर्रास दिसतं, पिक्चर बघून आपल्याला तेच खरं वाटतं. पिवळा त्रिकोण धोक्याचा, निळा गोल म्हणजे हेल्मेट-गॉगल घालाच.

आता रेडियम. त्यात रेडियम नसतंच, पण ते सोडा, खरी गडबड अशी की दुकानात दोन वेगळ्या वस्तू याच नावानं मिळतात, एक नंबरप्लेटसारखी, लाइट पडला तरच चमकणारी, आणि दुसरी उजेड पिऊन घेऊन अंधारात स्वतः हिरवट दिसणारी. आमच्या कारखान्यात पहिली लावलेली. एकदा रात्रपाळीत मेन स्विच पाडून बघितलं तर काळाकुट्ट अंधार, मोबाईलचा टॉर्च मारला तेव्हा कुठं पाटी उजळली. आगीत कोण टॉर्च मारत बसणार? आणि दुसरी घेतली तरी जिथं दिवसभर लाइट बंद असतो त्या जिन्यात तिचा उपयोग नाही, तिला आधी उजेड मिळायला हवा ना. तिथं बॅटरी बॅकअपवालीच लावा.

इंग्रजीचं म्हणाल तर आमची निम्मी पोरं बिहार-ओडिशाची, निम्मी बीड-लातूरची. ‘असेंब्ली पॉइंट’ (बाहेर पडून जमायची जागा) कोण वाचणार? म्हणूनच तर चित्रं ठरवून दिलीत, आयएसओ 7010 या आंतरराष्ट्रीय मानकात, आपल्याकडं रंग-आकारांसाठी आयएस 9457 हे भारतीय मानक आहे. चित्र आधी, खाली मराठी-हिंदी.

राहिलं ‘जितक्या जास्त’. आमच्या कॉम्प्रेसर रूमच्या दारावर अकरा स्टिकर होते, मोजलेत मी, एकही कुणी वाचत नव्हतं. त्यात एक्झिटची पाटी दाराच्या फळीवरच, म्हणजे दार उघडून भिंतीला टेकलं की पाटी गायब. ती चौकटीच्या वर हवी. सिलिंडरचीही उंचावर, समोर पॅलेट रचली तरी दिसली पाहिजे (आणि पॅलेट रचतातच, कितीही ओरडा).

आणि पाट्या लावून झाल्यावर बाणाच्या मागं एकदा स्वतः चालत जा. मी गेलो, तर शेवटचा बाण स्क्रॅप यार्डच्या गेटला, आणि गेटला कुलूप.