मॅच किती वाजता, ते तरी सांगा!

दर सप्टेंबरला तेच! अमेरिकेत शनिवारी कॉलेज फुटबॉल, रविवारी बेसबॉलचं एखादं न पाहिलेलं स्टेडियम, एवढा साधा बेत. विमानाची तिकिटं दोन महिने आधी काढायची, पण मॅच दुपारी 12 ला की संध्याकाळी साडेसातला, हे बऱ्याचदा कळणार 12 दिवस आधी. कधी तर 6! लग्नाचा मुहूर्त तरी लवकर कळतो हो. वेळ ठरवणार चॅनेलवाले, सगळा टीव्हीच्या पैशांचा खेळ. म्हणून तर 'बिग टेन' (मोठे दहा!) नावाच्या कॉलेज लीगमध्ये 18 संघ आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड विद्यापीठ म्हणे पूर्व किनाऱ्याच्या 'अटलांटिक कोस्ट' लीगमध्ये! भूगोल शिकवला कुणी यांना? शिकागोचं बेसबॉल स्टेडियम रिग्ली फील्ड बघा, 1914 पासून जागचं हललेलं नाही. पण रविवारी तिथे पोचायला शनिवारची मॅच वेळेत संपायला नको?