डू म्हंजे काई नाई

काल क्लासात मास्तरनं मला उभं केलं. वय माझं 47, आजूबाजूला नववी-दहावीतले पोट्टे. गुन्हा काय, तर ‘आय कॉटन सेल’ म्हणालो. आपलं क्रियापद शेवटी येतं, तसंच ठेवलं. "क्रियापद मधात, काका!" काका म्हणायचं अन् उभंही करायचं! आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होती. 2000 साली ती पहिलीत आली. ती चार वर्षं मी आता फी भरून फेडतोय.

दारव्ह्याच्या स्टँडवर पुटपुटत बसलो होतो, ‘डू यू सेल कॉटन?’ शेजारी एक आबाजी, मांडीवर डाळीची थैली.

"काय म्हनून रायला बाबू?"

"तुमी कापूस विकता का, असं इंग्रजीत."

"यू म्हंजे?"

"तुमी."

"सेल?"

"विकनं."

"कॉटन तं मले समजते. अन् डू?"

"डू म्हंजे... काई नाई."

"काई नाई तं कायले घातला?"

"प्रश्न असला का लागते. आपल्या ‘का’सारखा."

"आपला ‘का’ बिचारा मांगं उभा रायते. हा बिनकामाचा सगळ्यात पुढं! आमच्या ग्रामसभेत असाच एक हाये." थोडं थांबून, "अन् नाई विकत म्हनाचं असलं तं?"

"आय डू नॉट सेल."

"तिथंबी आलाच का! अन् तो विकत नसला तं?"

"मंग डूचा डज होते."

"एकटा मानूस पायला का फुगते म्हन. फी किती देली?"

"पंधराशे."

"काई नाई शिकाले पंधराशे!"

मला राग आला. कापूस न्यायला इंग्रजांच्या काळात टाकलेली यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे याच दारव्ह्यावरून जायची. ती बंद पडली. डू मात्र सुरूच. त्याचा जाब मी का द्यावा?

तेवढ्यात आबाजीनं मोबाईल पुढं केला. "हे वाच."

पीकविम्याचा मेसेज. ‘युवर क्लेम हॅज बीन रिजेक्टेड.’

"नामंजूर झाला, आबाजी."

"कोनं केला?"

वाक्य दोनदा वाचलं. कर्ता नव्हता. पॅसिव्हमध्ये तो गाळला तरी चालतो, असं मास्तरनं परवाच लिहून दिलेलं. तसं सांगितलं.

आबाजी बराच वेळ पडद्याकडं पाहत राहिले.

"मंग थो डू आता कुठी गेला?"

उद्या मास्तरला विचारतो. उभंच राहावं लागेल म्हणा.